बेली पॅन बसवून घेणे

सगळ्या मोटरसायकलींना बसणारी म्हणून जी बेली पॅन, म्हणजे इंजिनाखाली लावायचे प्लास्टिकचे आवरण, बाजारात मिळते, ती कोणत्याच गाडीला बसत नाही. ती बसवून घ्यावी लागते, म्हणजे इंजिन गार्डची नळी आणि सायलेन्सरचे वळण जिथे आडवे येते, तिथे तिच्या अंगाला खाचा पाडाव्या लागतात. मुंबईत हे काम गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली, पाटावर पॅन पालथी घालून आणि तिने हलू नये म्हणून तिच्यावर एक पाय रोवून करायचे असते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा ऐसपैस आहे, पण तिथे सल्लागार मंडळ भरते. माझ्या हातात हॅकसॉचे ब्लेड दिसताच तळमजल्यावरचे काका, ज्यांनी उभ्या आयुष्यात स्कूटरचा प्लगसुद्धा स्वतः काढलेला नाही, म्हणाले, ‘‘अहो, घासत काय बसलात? जावईबापूंचा ग्राइंडर आणतो, दोन मिनिटांचं काम!’’ मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेणारे ते यंत्र लोखंडाला उत्तम. पॅनचे एबीएस जातीचे प्लास्टिक मात्र 105 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, त्यामुळे चकती पुढे कापत जाते आणि मागे वितळलेले प्लास्टिक गोठून चीर पुन्हा बुजते, असे मी विनयाने सांगितले. तरीही ग्राइंडर आला. टाकाऊ तुकड्यावर प्रयोग झाला, करपट वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला, दोन घरांतून गॅस तपासला गेला आणि काकांनी निकाल दिला, ‘‘मालच हलका आहे.’’

मी गॅलरीत परतलो. पुठ्ठ्याचा नमुना कापून, मास्किंग टेप लावून, तीवर रेघ आखली. खाचेच्या आतल्या दोन्ही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोके पाडली, कारण टोकदार कोपरा राहिला, की इंजिनाच्या थरथराटाने तडा तिथूनच सुरू होतो. मग बारीक दातांचे ब्लेड, रेघेच्या अलीकडे थांबून, अतिशय सावकाश. उरलेले काम अर्धगोल कानशीने आणि शेवटी पॉलिश पेपरने. सायलेन्सरपासून बोटभर अंतर सुटेपर्यंत पॅन लावायची, वाकून बघायचे, पुन्हा काढायची. या कवायतीपुढे योगासने सुखाची वाटतात.

भुशाबद्दल मात्र कोणी आधी सांगत नाही. घासल्याने त्यात स्थिर वीज भरते, त्यामुळे तो काळा भुसा झाडून खाली पडत नाही, आवडीच्या कपड्याला जाऊन बिलगतो. त्याची आवड पांढऱ्या शर्टांची निघाली. ‘‘ओलं फडकं घ्या,’’ आतून सूचना आली, ‘‘आणि ते शर्ट आता तुम्हीच धुवा.’’

उजवी बाजू बसली. डावीकडे सायलेन्सर नाही, पण साइड स्टँड आहे आणि तो हलता असल्यामुळे उजवीकडचा नमुना नुसता उलटा करून चालणार नाही, हे कळल्यापासून काका रोज संध्याकाळी ग्राइंडरसह चौकशीला येतात.