सगळ्यात चालते भाऊ

नागपुरात चढ म्हणाल तर सेमिनरी हिल्स, नाहीतर उड्डाणपूल, बाकी सगळं ताटासारखं सपाट. त्यामुळे ट्रेकिंगचे बूट बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात घ्यायचे आणि त्यांची परीक्षा थेट कळसूबाईला, १६४६ मीटरवर, जिथून दुकानदाराला दिलेल्या शिव्या त्याला ऐकू जात नाहीत.

गेलो संध्याकाळीच, कारण दिवसभरात पाय सुजतात आणि सकाळी मस्त बसलेला बूट रात्री चावते, असं मित्राचं ज्ञान. या मित्राकडे जमिनीगणिक वेगळा सल्ला आहे. सह्याद्रीच्या ओल्या कातळाला मऊ रबराचा सोल पायजे, कडक सोल शेवाळावर सरळ घसरतो. पचमढीच्या नागद्वारीला श्रावणातला चिखल, तिथं सोलच्या खाचा खोल आणि रुंद, म्हणजे चिखल आपोआप झडतो. (आपली काळी माती मात्र कोणत्याच खाचेचं ऐकत नाही, पावसाळ्यात वावरातून चाललं की बुटाखाली दुसरा बूट तयार होतो, उंची फुकटात वाढते.) वॉटरप्रूफ घेऊ म्हटलं तर ओढ्यात पाणी वरून शिरलं की आतच मुक्कामाला राहते, त्यापेक्षा जाळीचा बरा, लवकर वाळतो. रामटेकच्या पायऱ्यांना काय, कायपण चालते.

"भाऊ, हा ओल्या कातळावर धरते का?"

"सगळ्यात चालते भाऊ."

"चिखलात?"

"चालते ना."

"लग्नात?"

"मग काळा घ्या."

उतरताना अंगठा पुढं आपटतो, म्हणून समोर हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पायजे, ते पाहायला मी दुकानाच्या पोटमाळ्याच्या जिन्यावरून वर-खाली करून राहिलो होतो, तेवढ्यात एका काकूंनी मला दुकानातला पोऱ्या समजून सात नंबरची चप्पल काढायला सांगितली. काढून दिली. आवडली त्यांना, भाव कमी करा म्हणाल्या.

इकडे मित्र फोनवर ओरडून राहिला, "जुना स्टॉक घेऊ नको बे, पीयूचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा सोल न घालताच डब्यातल्या डब्यात दमट हवेनं भुगा होते, तारीख पाय!" तारीख शोधली तर नेमका तिच्यावरच किमतीचा स्टिकर. नखानं खरवडायला लागलो तसा खरा पोऱ्या वैतागला.

"भाऊ, बूट आहे न, ब्रेड थोडीच आहे!"

निघाली तारीख, अलीकडचीच होती. घेतले. काळेच घेतले.