खुलासा: एसपीएफवालं फाउंडेशन म्हणजे सनस्क्रीन नव्हे

‘फाउंडेशनवर एसपीएफ ३० लिहिलंय, मग खाली वेगळं सनस्क्रीन कशाला?’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा, आकडा ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देतात. इतकं फाउंडेशन सहसा कुणी लावत नाही, त्यामुळे लिहिलेलं संरक्षणही मिळत नाही. लावलंच तर चेहऱ्यावर लेप दिसेल. म्हणून आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, आणि ते नीट बसल्यावरच फाउंडेशन. घाई केली की स्पंजाखाली सनस्क्रीनच्या बारीक गुठळ्या वळतात आणि थर निघून येतो. काही मिनिटं थांबा, बोट टेकवून पाहा, आणि फाउंडेशन घासू नका, थोपटून लावा. कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) फाउंडेशनच्या आधी की नंतर, हा मात्र आवडीचा भाग. मी नंतर लावते, कमी पुरतं.