अकरावं वचन फॉरवर्ड करताना दहावं पण वाचा

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम आणि नवीन वर्षाच्या मनापासून शुभेच्छा.

काल रात्री वॉचनाइटची, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्रीची चर्चमधली उपासना झाली, बाराला गुडघ्यावर प्रार्थना, मग हस्तांदोलन, केक, आणि दरवर्षीसारखी बायबलच्या वचनांची कार्डं. सकाळी व्हॉट्सॲप उघडलं तर प्रत्येक ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो आणि त्यावर यिर्मया २९:११, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन. देवाचे आपल्याबद्दलचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मला फार जवळचं आहे हे वचन, आमच्या हॉलमध्ये आईने भरतकाम केलेलं टांगलंय, आणि म्हणूनच आज जरा मोठं लिहितेय.

हे वचन एका पत्रातलं आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेममधून तिथल्या राजासकट लोक धरून बाबेलला नेले, त्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात उभं राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल, राजा पण येईल, लोक पण येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. आणि यिर्मया काय लिहितो? सत्तर वर्षं. अकराव्या वचनाच्या अगदी वर, दहाव्यात आहे बघा. म्हणजे ज्यांच्यासमोर ते पत्र वाचलं गेलं त्यातले बहुतेक जण बाबेलमध्येच मरणार होते. मग तोवर करायचं काय तर घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी!

माझं स्पष्ट मत आहे की नवीन वर्षाला आपण यिर्मयाचं वचन लावतो आणि प्रचार हनन्याचा करतो. यंदा ब्रेकथ्रू, यंदा दुप्पट आशीर्वाद, यंदा नोकरी, यंदा व्हिसा. आणि ज्यांचं यंदाही काही बदलत नाही त्यांचं काय? माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत, नवरा पॅरालिसिसने कित्येक वर्षं अंथरुणावर, त्या पहाटे उठून डबे करतात, त्याचं सगळं करतात, संध्याकाळी शेजारच्या पोरांचा अभ्यास घेतात, एक पैसा घेत नाहीत. त्यांना कोणीतरी तोंडावर म्हटलं, तुमचा विश्वास कमी पडतोय. मला इतका राग आला, अजून जात नाही. अहो त्या बाबेलमध्ये मळा लावून बसल्यात, यापेक्षा मोठा विश्वास कोणता असतो?

आपल्या महाराष्ट्रात याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. पंडिता रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळबाग लावली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलींना तिथे आसरा दिला. तिथे भजन-प्रार्थना होतीच, पण विणकाम, शेती, छपाई हेही होतं, आणि दोन्ही देवाचंच काम होतं. स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी भाषांतर सोडलं नाही, पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्यांच्या आयुष्याला ब्रेकथ्रूच्या हिशोबात कुठे बसवणार आपण?

आणि शहराचं भलं म्हणजे फक्त रविवारच्या प्रार्थनेत नाव घेणं नाही ना. सोसायटीच्या मीटिंगला जाणं, वॉर्डातल्या पाण्यासाठी सगळ्यांबरोबर अर्ज देणं, घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला देणं, हे पण त्यातच येतं. हे जग आपलं नाही म्हणून हात झटकणारे आपल्यात खूप आहेत, त्यांनी त्याच पत्रातलं शहराच्या भल्याचं सातवं वचन परत वाचावं.

आमच्या पाळकसाहेबांना मी या रविवारी विनंती करणार आहे. साक्ष द्यायला नेहमी ज्यांचं काम झालं तेच पुढे येतात, प्रमोशन, फ्लॅट, ऑपरेशन सक्सेसफुल, देवाचे आभार, त्यात काही चूक नाही. पण यंदा एक साक्ष अशा माणसाची ठेवा ज्याची प्रार्थना अजून पूर्ण झालेली नाही, आणि तो काय काय करत जगतोय ते त्याला सांगू द्या. तुमच्या मंडळीत असं होत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा.