त्यांचं नाव तरी विचारायचं होतंस

आज सकाळी भाचीने एक व्हिडिओ पाठवला, "मावशी, तुझी सावंतवाडी बघ" म्हणून. चितारआळीतलं दुकान. एक मुलगा मोबाईल स्वतःकडे रोखून आत शिरतो, "गाईज, असं तुम्ही कधी बघितलंच नसेल" म्हणून ओरडतो, मागे ढणढण संगीत. कारागीर लेथवर बसलेले, साठीपुढचे. ते लाखेची कांडी हातात घेऊन काहीतरी सांगायला लागतात आणि त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत कात्री. मग लाकडी आंबे, केळी, किंमत, "फॉलो करा". संपलं. त्या माणसाचं नावसुद्धा नाही. अरे, ज्याच्या हातातली कला दाखवून तू पैसे मिळवणार, त्याचं नाव तरी विचारायचं होतंस!

तेव्हापासून डोकं तापलंय आणि सारखे 'सुरभि'वाले सिद्धार्थ काक आठवतायत.

माझ्या यादीतल्या चाळिशीपुढच्या मंडळींना 'सुरभि' म्हणजे काय हे सांगायला नको. धाकट्यांसाठी सांगते. १९९० साली दूरदर्शनवर सुरू झालेला कार्यक्रम, २००१ पर्यंत चालला, शेवटी शेवटी स्टार प्लसवर. चारशेहून जास्त भाग. विषय काय, तर आपला देश. विणकर, मूर्तिकार, गायक, लोकनाट्यवाले, कुठल्याशा खेड्यातला कुणी छांदिष्ट माणूस. कुर्ता घातलेले, दाढीवाले सिद्धार्थ काक शांतपणे बोलायचे आणि पुढे त्यांच्यासोबत आपली रेणुका शहाणे आली. एल. सुब्रमण्यम यांचं ते सुरुवातीचं संगीत लागलं की आमच्या घरात जेवणाची ताटं तशीच राहायची.

आमच्या घरात म्हणजे आत्याच्या घरात. मी शाळेसाठी तिच्याकडे सावंतवाडीत राहायचे. आत्या सातवी शिकलेली. हिंदी तिला निम्मंच कळायचं. पण रविवारी रात्री कार्यक्रम लागला की मांडीवर वही आणि हातात पेन्सिल. गावांची नावं लिहून घ्यायची, जशी ऐकू येतील तशी. शेवटी प्रश्न विचारायचे ना, त्याच्या उत्तरासाठी सोमवारी मला वाचनालयात पिटाळायची. उत्तर सापडलं की पंधरा पैशांचं पोस्टकार्ड, तिच्या गोल अक्षरात. बक्षीस असायचं कुठेतरी फिरून यायचं. तिला कधीच लागलं नाही. कार्ड जायचं मात्र दर आठवड्याला.

आणि ती एकटी नव्हती. १९९३ मध्ये एकाच आठवड्यात १४ लाखांहून जास्त पत्रं आली होती, लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंद आहे. एका आठवड्यात! मोबाईलवर 'लाईक'चा अंगठा दाबून नव्हे. कार्ड विकत आणून, उत्तर शोधून, लिहून, पेटीत टाकून. त्या पत्रांच्या पुराने टपाल खातं इतकं वैतागलं की स्पर्धांसाठी वेगळं कार्ड काढलं, दोन रुपयांचं. साध्या पोस्टकार्डाचा खर्च खातं आपल्या पदरचा घालून सोसत होतं, त्यामुळे त्यांचंही चुकलं म्हणत नाही. पण पंधरा पैशांचे दोन रुपये झाले तेव्हा आत्याने पोस्टमनला जे काही ऐकवलंय ते मला इथे लिहिता येणार नाही. ऐकवून झाल्यावर दोन रुपये काढून दिले.

म्हणून मला कुणी "लोकांना हेच हवं असतं" असं म्हटलं की राग येतो. आमच्या नात्यातला एक जण वाहिनीत काम करतो, त्याचंही हेच पालुपद. कुठल्या लोकांना? माझ्या सातवी शिकलेल्या आत्याला तर विणकर मागावर कसा बसतो ते हवं होतं. तुमच्या प्रेक्षक मोजणाऱ्या मीटरला एवढंच कळतं की टीव्ही चालू होता. समोर माणूस पेंगत होता की वही घेऊन बसला होता, हे त्याला काय कळणार? पत्र म्हणजे उठून, वेळ काढून दिलेली साक्ष. तिच्या जोरावर अकरा वर्षं कार्यक्रम उभा राहिला.

हो, तेव्हा बघायला दुसरं काही फारसं नव्हतं. मान्य. पण केबल आल्यावरही लोक बघतच होते, हे तुम्हालाही आठवत असेल.

सिद्धार्थ काक यांच्याबद्दल एक गोष्ट फार कमी बोलली जाते. ते नुसते सूत्रसंचालक नव्हते, निर्माते होते. 'सिनेमा व्हिजन इंडिया' ही त्यांची संस्था. त्याच नावाचं सिनेमावरचं इंग्रजी नियतकालिक त्यांनी १९८० मध्ये काढलं होतं, सुरुवातच मूकपटांच्या काळावरच्या अंकाने. म्हणजे जे हातातून निसटून चाललंय ते आधी नोंदवून ठेवायचं, ही या माणसाची जुनी ओढ. आणि तेव्हाची दूरदर्शनची पद्धत काय होती? बाहेरच्या निर्मात्याने कार्यक्रम स्वतः बनवायचा, प्रायोजक स्वतः गाठायचा, दूरदर्शनला प्रक्षेपणाचे पैसे भरायचे आणि बदल्यात जाहिरातीची काही सेकंदं मिळवायची. एकीकडे दिल्लीचं मंडी हाउस, म्हणजे दूरदर्शनचं मुख्यालय, सांभाळायचं, दुसरीकडे प्रायोजक. अमूल पाठीशी राहिलं, तेही गुजरातच्या दूधवाल्या शेतकऱ्यांच्या सहकारातून उभं राहिलेलं, म्हणून मला त्या जाहिरातीचाही कधी राग आला नाही. एवढी उस्तवार करणारा माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की मिरवेल, असं वाटेल की नाही? हा माणूस बाजूला सरकायचा! विषयाची ओळख करून द्यायची आणि पुढचं कारागिराने, कलाकाराने बोलायचं.

आत्याने हे माझ्या आधी ओळखलं होतं. ती मालवणीत म्हणायची, "हो माणूस ऐकता गो." म्हणजे, हा माणूस ऐकतो गं. तिच्या तोंडून कुणाही पुरुषाची याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही.

सूत्रसंचालकाच्या खुर्चीवर बसणाराच निर्माता होता, कात्री त्याच्याच हातात होती, म्हणून समोरच्याचं वाक्य पुरं होऊ शकलं. आजच्या वाहिन्यांवरच्या निवेदकांचा मला तेवढा राग नाही, ते बिचारे नोकरदार. कानात कुणीतरी "आवर, आवर" म्हणत असतं. पण तो मोबाईलवाला मुलगा? तो तर स्वतःच निर्माता, स्वतःच सूत्रसंचालक, स्वतःच वाहिनी. त्याला ना मंडी हाउसच्या खेपा, ना प्रायोजकाचे उंबरठे. इतकं स्वातंत्र्य काकांना आयुष्यात मिळालं नसेल. आणि त्याचं केलं काय, तर एका म्हाताऱ्या माणसाचं बोलणं तोडलं.

आत्याची ती चितारआळीची गोष्ट सांगितल्याशिवाय माझं मन शांत होणार नाही. जन्म सावंतवाडीत गेला, पण लाकडी फळं कशी करतात हे तिने कधी विचारलं नव्हतं. ती आपली असायचीच, कपाटात, चैत्रगौरीपुढे. 'सुरभि' बघायला लागल्यावर एक दिवस मला घेऊन गेली आणि एका दुकानात उभी राहून प्रश्न विचारत सुटली. लाकूड कुठलं? पांगाऱ्याचं. का? हलकं असतं, कोरायला मऊ. रंग निघत नाही तो कसा? मग तिथल्या कारागिरांनी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून दाखवली. घासल्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, मग तिला केवड्याच्या पातीने चकाकी देतात. मी कंटाळून पायरीवर बसले होते आणि आत्या वहीत लिहीत होती. निघताना त्यांचं नाव विचारलं आणि तेही लिहिलं.

हे तिला कुणी शिकवलं? मुंबईत बसलेल्या त्या कुर्तेवाल्या माणसाने. दूरचं दाखवता दाखवता त्याने तिला दारातलं बघायला लावलं. टीव्हीवरच्या माणसाने याहून जास्त काय करायचं असतं, तुम्हीच सांगा.

तुमच्यातले काही जण म्हणतील की 'सुरभि'त सगळं गोड गोडच असायचं, कारागिराची उधारी आणि मुलाने धंदा सोडल्याचं दुःख त्यात नसायचं. बरोबर आहे. सरकारी वाहिनीवर तेव्हा कितपत जमलं असतं मला माहीत नाही. आणि त्या मुलाच्या व्हिडिओमुळे चार गिऱ्हाइकं चितारआळीत जातील, हेही खरं. जाऊ देत, चांगलंच आहे. त्या मुलावर आता तेवढी चिडलेली नाही मी. त्याच्या वयाच्या मुलांनी असं कुणाला ऐकताना पाहिलंच नाही. त्यांच्यासमोर आरडाओरडा करणारेच बसवलेत आपण, तेच बघून ती शिकली.

पण मग दाखवा ना त्यांना! काकांनी काय करून ठेवलंय ते माध्यमांच्या वर्गात शिकवा. मराठी वाहिन्यांनो, आठवड्यातून अर्धा तास द्या. चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे पिंगुळीचे चित्रकथी आहेत, सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आहे, पैठणचे माग आहेत. सासू-सुनांची भांडणं अर्धा तास कमी झाली तर कुणाचं काही अडणार नाही.

आत्याची वही माझ्याकडे आहे. पोस्टकार्डं सगळी गेली, ती कशी राहणार? तुमच्या घरून 'सुरभि'ला कोण लिहायचं, कुठल्या गावाहून, आणि कुणाला बक्षीस लागलं होतं का, ते खाली लिहा. मला खरंच वाचायचंय. आणि आई-आजीचं नाव लिहायला विसरू नका.