पॉन्सनबींचे एकवीस दिवस

युद्धविरोधक म्हटला की लोकांना मोर्चे आणि भाषणं आठवतात. ब्रिटिश खासदार आर्थर पॉन्सनबींचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम मात्र एका रुक्ष संसदीय प्रथेत आहे.

१८७१ साली विंडसर किल्ल्यात जन्म. वडील व्हिक्टोरिया राणीचे खासगी सचिव, हे स्वतः पोरवयात राणीच्या दरबारी मानाचे सेवक. पुढे परराष्ट्र खात्यात नोकरी, म्हणजे करार कसे शिजतात ते आतून पाहिलेलं.

३ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी कॉमन्समध्ये (संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात) सांगितलं, की १९०६ पासून ब्रिटिश आणि फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांची बोलणी चालू होती. १९१२ मधलं एक पत्रही वाचून दाखवलं. कुणावर काही बंधन नाही, असंच त्यात लिहिलेलं. पण तोवर फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात गेलं होतं आणि फ्रान्सचा उत्तर किनारा ब्रिटनच्या भरवशावर उघडा पडला होता. कागदावर मोकळे, प्रत्यक्षात गळ्यापर्यंत अडकलेले! पॉन्सनबी त्याच दिवशी सभागृहात युद्धाविरुद्ध बोलले. १९१८ मध्ये मतदारांनी त्यांना पाडलं.

१९२४ च्या मजूर पक्षाच्या सरकारात ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले. १ एप्रिलला (तारखेला हसू नका) लोझान कराराच्या (तुर्कस्तानशी झालेल्या तहाच्या) विधेयकावर बोलताना त्यांनी जाहीर केलं: सही झालेला करार २१ दिवस दोन्ही सभागृहांच्या पटलावर राहील, मगच पक्का होईल. शिवाय देशाला बांधणाऱ्या इतर समजुतीही सभागृहाला कळवल्या जातील. १९१४ चं भोक बुजणार होतं ते या दुसऱ्या वाक्याने.

गोम अशी, की हा कायदा नव्हता, नुसता शब्द. त्यानंतरच्या हुजूर पक्षाच्या बाल्डविन सरकारने तो मोडीत काढला, १९२९ मध्ये मजूर सरकारने परत आणला. कायदा व्हायला २०१० उजाडलं. आता बैठकीचे २१ दिवस मोजतात. कॉमन्सने विरोधाचा ठराव केला तर आणखी २१, आणि असं पुन्हा पुन्हा करता येतं. पण मतदान घेतलंच पाहिजे असं नाही आणि कामकाजाचा वेळ बहुतेक सरकारच्या हातात, त्यामुळे चर्चेविनाही मुदत सरू शकते. तोंडी समजुती तर त्या कायद्यात येतच नाहीत.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूने नाही. १९२८ च्या पुस्तकात त्यांनी जर्मन ‘प्रेत-कारखान्या’च्या, म्हणजे जर्मन लोक सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात या युद्धकाळातल्या आवईची चिरफाड केली. ‘काडाव्हर’ हा जर्मन शब्द मेलेल्या जनावरासाठी, वर्तमानपत्रांनी तो माणसांच्या प्रेतांना लावला. इथवर ठीक. पण बेल्जियममधल्या अत्याचारांच्या बातम्यांकडेही त्यांनी त्याच संशयाने पाहिलं. जर्मन सैन्याने १९१४ मध्ये बेल्जियम आणि फ्रान्समध्ये मारलेले सुमारे ६,५०० नागरिक ही काही भाषांतराची चूक नव्हती.