साठीनंतर सही बाद, हे कोणी ठरवलं?

माझी मावशी ७४ वर्षांची आहे. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाली, गिरगावात चाळीत एकटी राहते. फेब्रुवारीत तिच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख ठरली होती. ती तिने परस्पर पुढे ढकलली आणि मला एप्रिलमध्ये कळलं, तेसुद्धा शेजारच्या वहिनींकडून. कारण काय, तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. तो तिने भिंग धरून वाचला आणि वर वहीत उतरवून ठेवला.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'सर्व ज्येष्ठांनी जरूर वाचा' असं वर, खाली हात जोडलेले. आत पाच गोष्टी: साठीनंतर ऑपरेशनच्या कागदावर स्वतःची सही चालत नाही, मुलगा किंवा रक्ताचा नातेवाईकच लागतो; मोठ्या आजाराचं नाव ज्येष्ठांना सांगायला डॉक्टरांना बंदी आहे; पासष्टनंतर आरोग्य विमा मिळत नाही; सत्तरीनंतर सगळ्या हॉस्पिटलांत सगळं मोफत; आणि घर आत्ताच मुलांच्या नावे करा, सांभाळलं नाही तर कायदा परत मिळवून देतो. ज्या काकांनी तो टाकला त्यांना मी फोन केला. म्हणाले, "आला तसा पाठवला." बरोबर आहे, वाचायचं कोणी?

सहीचंच आधी घेते, कारण मावशीचे दोन महिने त्यात गेले.

संमती द्यायला माणूस सज्ञान हवा आणि समोर काय चाललंय हे त्याला कळायला हवं. १८७२ च्या करार कायद्यातही हेच आहे. वयाची अट १८ला सुरू होते, ती पुढे कुठे संपत नाही. साठाव्या वाढदिवसाला असं काय होतं की आदल्या दिवशी चालणारी सही दुसऱ्या दिवशी बाद व्हावी?

यावर सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निकाल आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, १६ जानेवारी २००८. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित बाई तपासणीसाठी दाखल झाली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. आई! याहून जवळचं रक्ताचं नातं कोणतं? न्यायालयाने ती संमती धरली नाही. रुग्ण सज्ञान आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे, जीव वाचवण्याची घाई नाही, मग ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं आणि तिलाच विचारायचं. तिथे आईची सही पुरली नाही, आणि हा मेसेज नाशिकच्या भाच्याला बोलवायला सांगतो. मावशीने खरंच त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "मार्चएंड आहे गं, एप्रिलनंतर बघू."

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. हॉस्पिटलं नातेवाईकाची सही मागतात, हे खरं आहे. मावशीबरोबर गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने फॉर्म मला दिला. मावशी माझ्या शेजारी उभी होती, डोळा तिचा होता. "नातेवाईक कोण?" हा पहिला प्रश्न. फॉर्मवर 'नातेवाईकाची सही' ही ओळ वर, 'रुग्णाची सही' खाली, तीही आखूड. गंमत म्हणजे त्याच काउंटरवर दहा मिनिटांपूर्वी आगाऊ रकमेचा चेक मावशीने स्वतः फाडून दिला होता. त्यावरची तिची सही कोणाला खटकली नव्हती.

नातेवाईक त्यांना का हवा असतो? बिलासाठी, घरी न्यायला, पुढे तक्रार झाली तर साक्षीला. त्यांची सोय आहे, आणि ऑपरेशननंतर सोबत कोणी असावं हे शहाणपणाचंही आहे. पण ती सोबत शेजारीण असू शकते, भाची असू शकते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतलं ७.१६ हे कलम बघा: ऑपरेशनआधी लेखी संमती घ्यायची ती नवरा किंवा बायको, अल्पवयीन असेल तर आईवडील वा पालक, किंवा स्वतः रुग्ण, जसं लागू असेल तसं. शब्दरचना ढिसाळ आहे, गोंधळाचं मूळ तिथेही असेल. पण त्यातसुद्धा मुलगा नाहीच! मेसेजवाल्यांनी तो कुठून आणला देव जाणे.

माणूस बेशुद्ध असेल, भान हरपलं असेल, तर नातेवाईकांना विचारतात. जीव जात असेल तर डॉक्टर थांबत नाहीत. आपल्याला तसं झालं तर काय हवं, काय नको, हे आधीच लिहून ठेवता येतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मुंबई महापालिकेने अशी पत्रं जपून ठेवायला अधिकारीही नेमलेत. एकट्या राहणाऱ्यांच्या ग्रुपवर फिरवायचंच तर हे फिरवा की.

आजाराचं नाव लपवण्याचा मुद्दा समीरा कोहलीच्याच निकालाने निकालात निघतो. संमती घेताना उपचार काय, धोके काय, दुसरा मार्ग आहे का, हे रुग्णाला पुरेसं सांगितलं पाहिजे, असं त्यात म्हटलंय. नाव न सांगता धोके कसे सांगणार? बंदी वगैरे काही नाही. "आईला सांगू नका हां डॉक्टर" असं केबिनबाहेर कुजबुजणारी मुलं आहेत, आणि मान डोलावणारे डॉक्टर आहेत, एवढंच. एखादी आजी स्वतःच म्हणाली, मला नको सांगू, तर तो तिचा निर्णय. तो आपण तिच्या वतीने घ्यायचा नाही.

विम्याची गोष्ट शिळी आहे. पासष्टची अट विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून काढली. हप्ता ऐकून घेरी येते, ती वेगळी गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये एवढं झालं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं.

सगळं मोफत? सत्तरीच्या पुढच्यांना, उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. कार्ड जरूर काढा. पण ते योजनेत असलेल्या हॉस्पिटलांत आणि दाखल झाल्यावर. ओपीडी आणि महिन्याच्या बीपीच्या गोळ्या त्यात नाहीत, आणि घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून.

राहिलं घर. मावशीची खोली पागडीची, म्हणजे तिच्या मालकीची नाही, त्यामुळे ती वाचली! बाकीच्यांनी नीट ऐका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, घर परत मिळू शकतं, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं मेसेजमध्ये नाही. हस्तांतर करताना 'मला सांभाळायचं' ही अट असावी लागते, आणि अशी अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. नंतरच्या एका निकालात न्यायालय ज्येष्ठांच्या बाजूने जास्त उदार झालंय, पण ऐंशीव्या वर्षी प्रांताच्या कचेरीत खेटे घालून उदारपणाची वाट बघायची हौस कोणाला आहे? बक्षीसपत्र स्वस्तात होतं म्हणून उरकून टाकायची ही गोष्ट नाही. द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. ते कितीदाही बदलता येतं आणि तोवर घर तुमचंच असतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर अट कागदावर लिहून घ्या, मुलगा कितीही गुणी असो.

मावशीचा डावा डोळा मेमध्ये झाला. रुग्णाच्या आखूड ओळीवर तिने पूर्ण नाव लिहून सही केली, अक्षर ओळीबाहेर गेलं. वरच्या ओळीत मी 'सोबत: भाची' एवढंच लिहिलं. काउंटरवरची मुलगी काही बोलली नाही.

उजव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. फॉर्म तिने आधीच मागून आणलाय आणि भिंगाशिवाय वाचून काढलाय. तिसऱ्या परिच्छेदातला एक शब्द तिला कळला नाही. त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे, डॉक्टरांना विचारायला.