आता उरलो बालकांपुरता

निरोप समारंभातली शाल अजून कपाटात गेलेली नसते, श्रीफळाची मात्र वडी होऊन संपलेली असते, आणि सकाळी सव्वादहा वाजता घरात आपली कोणालाही गरज नाही, हा शोध आपल्याला नुकताच लागलेला असतो. अशा वेळी आपले लक्ष बालसाहित्याकडे वळावे, हे ओघानेच आले. कादंबरीला बैठक लागते, समीक्षेला वाचन लागते, आणि आत्मचरित्रात ज्यांचे वाभाडे काढायचे ते सगळे अद्याप हयात असून त्यांतले दोघे आपल्याच सोसायटीत राहतात. राहता राहिली मुले. मुले लहान असतात, तेव्हा त्यांच्यासाठी लिहिणे हे कामही लहानच असणार, असा सरळ हिशेब आहे. आणि ज्याने ५८ व्या वर्षापर्यंत इतरांचे हिशेब तपासले, त्याने स्वतःचा हिशेब पुन्हा तपासण्याचे कारण नाही.

वयाची चिंता आपण मुळीच करू नये. पंचतंत्राच्या कथामुखात विष्णुशर्मा आपले वय ८० वर्षे असल्याचे स्वतःच सांगतो. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र अभ्यासाच्या नावाने ठणठणपाळ असतात. राजा शंभर सनदा देऊ करतो, त्या हा म्हातारा नाकारतो आणि सहा महिन्यांत मुले शहाणी झाली नाहीत तर नाव टाकीन, अशी पैज घेतो. या हकिगतीतून आपण फक्त वय घ्यावे. मुलांना स्वतःजवळ बसवून घेणे, सहा महिने त्यांच्या कलाने चालणे आणि अपयश आल्यास नाव टाकणे, या गोष्टी प्राचीन काळी ठीक होत्या. शिवाय त्याच्या पहिल्या तंत्राचा शेवट पाहावा: दमनक नावाचा कोल्हा चहाड्या करून सिंह आणि बैल यांची मैत्री फोडतो, सिंह बैलाला ठार मारतो, आणि दमनक मात्र मंत्रिपदावर सुखाने नांदतो. त्याला पश्चात्ताप होत नाही, की कोणी त्याला उठाबशा काढायला लावत नाही. अशा गोष्टी मुलांना फार आवडतात, म्हणून त्या कटाक्षाने टाळाव्यात.

दुसरा दाखला साने गुरुजींचा. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली, हे आपल्याला पाठ असेलच. येथेही पाच दिवस तेवढे लक्षात ठेवावेत. त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिकवताना वसतिगृहातल्या मुलांमध्ये त्यांनी वर्षे घालवली होती, हा तपशील आपल्या वेळापत्रकात बसणारा नाही. आपल्याला तर पाच दिवसही लागणार नाहीत. दुपारचे जेवण आणि चार वाजताचा चहा यांच्यामध्ये एक गोष्ट सहज बसते आणि झोपही मोडत नाही.

लिहायला बसण्यापूर्वी काय वाचावे, असा प्रश्न काही होतकरू लेखक विचारतात. काहीही वाचू नये. मराठीत मुलांसाठी लिहिण्याचा उद्योग फार जुना आहे. विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' मासिक सुरू केले ते १८८१ साली, आणि बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे. 'किशोर'चे जुने अंक तर आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, आणि खरा धोका तोच आहे. ते उघडून बसल्यास आपली आळशी खारीची गोष्ट इतरांनाही सुचलेली होती आणि त्यांनी ती बऱ्या भाषेत लिहिली होती, असे आढळण्याचा संभव असतो, आणि मग स्वतंत्र प्रतिभेला धक्का बसतो. आपल्या लहानपणी आपल्याला काय आवडत असे, एवढे आठवावे आणि त्यातलेही वडिलांना न आवडणारे गाळून टाकावे.

नायकाचे नाव बंडू ठेवावे. आपल्या नातवाच्या वर्गात तीन आरव आणि दोन शौर्य असून बंडू एकही नाही, ही बाब कथेच्या आड येऊ देऊ नये. बंडू मोबाइल पाहतो, पालेभाजी खात नाही आणि आजोबांचे ऐकत नाही. तिसऱ्या परिच्छेदात त्याला याची फळे भोगावी लागतात, चौथ्यात आजोबा त्याला समजावतात आणि पाचव्यात त्याचे डोळे पाण्याने भरून येतात. आजोबांची व्यक्तिरेखा विशेष जिव्हाळ्याने रंगवावी. ते उंच, समंजस आणि माजी अधिकारी असावेत. प्राण्यांची गोष्ट असल्यास प्राण्यांनीही हाच क्रम पाळावा.

भाषेविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पस्तीस वर्षे कार्यालयीन टिपणी लिहिलेल्या हाताला लागलेले वळण ही बालसाहित्याला मिळालेली मोठी देणगी आहे आणि ती वाया जाऊ नये. माझ्या पाहण्यात आलेल्या एका हस्तलिखितात, 'सदर खारीने उपरोक्त झाडावर विनापरवानगी प्रवेश केल्याचे माकडाच्या निदर्शनास आले,' असे वाक्य होते. हे हस्तलिखित माझेच होते, हे प्रांजळपणे सांगतो. वाचायला नुकतेच शिकणाऱ्या मुलांसाठी आधी जोडाक्षरे नसलेली, छोटी वाक्ये लिहावीत, असे शिक्षक मंडळी सांगतात. परंतु 'निदर्शनास' या शब्दाचा अर्थ मुलाने विचारला म्हणजे आपल्याला तो सांगता येतो, आणि अर्थ सांगण्याचे सुख निवृत्तीनंतर दुसरीकडे कोठे मिळते?

कविता करायची असल्यास मात्रा मोजण्याच्या फंदात पडू नये. ससा आला की कसा आणि तसा आपोआप येतात, मनी आली की तिला गुणी म्हणता येते, आणि ओळ आखूड पडली तर 'छान छान' घालून ती भरून काढता येते. मुले ठेक्याच्या बाबतीत फार कडक असतात, एक मात्रा घसरली तरी म्हणता म्हणता थांबतात. तेव्हा कविता त्यांना म्हणू देण्याऐवजी आपणच म्हणून दाखवावी आणि घसरलेल्या ठिकाणी खोकावे.

प्रत्येक गोष्टीखाली 'तात्पर्य' लिहावे, तेही ठळक टाइपात. गोष्ट समजली नाही तरी तात्पर्य समजते, आणि घाईत असलेल्या पालकाला फक्त तेवढेच वाचता येते.

हस्तलिखित तयार झाले की ते मुलांना वाचून दाखवावे, असे एक मत आहे. मी हा प्रयोग नातीवर केला. ती दुसऱ्या गोष्टीच्या मध्यावर म्हणाली, "आजोबा, खार एवढी झोपते, तर तिला स्वप्नं कसली पडतात?" आता ही गोष्ट आळसाच्या दुष्परिणामांविषयी होती, स्वप्नांची तरतूद तीत केलेली नव्हती. अशा प्रश्नांनी विषयांतर होते. म्हणून हस्तलिखित समवयस्कांनाच वाचून दाखवावे. सकाळच्या फिरायच्या मंडळात चार माजी मुख्याध्यापक सहज सापडतात, ते एकमुखाने सांगतात की, आजच्या पिढीला याची नितांत गरज आहे, आणि त्यांच्यापैकी एकाकडून प्रस्तावनाही मिळते.

चित्रांसाठी ओळखीतली एखादी चित्रकार मुलगी गाठावी. ती मानधन विचारील, तेव्हा 'पुस्तकावर तुझे नाव येईल' असे सांगून तिच्या चेहऱ्यावरचा आनंद निरखावा. चित्रात काय असावे हे आपण लेखी द्यावे: 'बंडू झाडाखाली बसला आहे' असे लिहिले असेल तेथे झाड, बंडू आणि बसणे एवढेच दिसले पाहिजे. चांगला चित्रकार शब्दांत नसलेले काही तरी चित्रात घालतो, फांदीआडून पाहणारे मांजर काढतो, आणि मूल गोष्ट सोडून त्या मांजराच्या मागे जाते. हे मांजर वेळीच खोडायला लावावे. मुलगी ऐकेनाशी झाली, तर डीटीपी करणारा इंटरनेटवरून ससे शोधून देतो. त्यांतले काही ससे टाय लावलेले असतात, पण ते शिस्तीला पूरकच आहे.

छपाईचे गणित समजून घ्यावे. पुस्तक सोळा पानी फॉर्ममध्ये, म्हणजे घडी घातल्यावर सोळा पाने होणाऱ्या मोठ्या कागदावर, छापले जाते, म्हणून ते ३२ पानांचे करावे आणि चार पाने उरल्यास त्यांवर लेखक-परिचय घालावा. चार रंगांना चार प्लेटा लागतात, त्यांचा खर्च पन्नास प्रतींना जेवढा तेवढाच हजार प्रतींना. म्हणून मुद्रक प्रेमाने सांगतो की, हजार काढा, प्रत स्वस्त पडेल. डिजिटल छपाईत पन्नासच प्रतीही काढता येतात, पण पन्नास हा आकडा लेखकाला शोभत नाही. 'सर्व काही आम्ही पाहू' म्हणणाऱ्या काही प्रकाशकांच्या दरपत्रकात आयएसबीएनसाठी वेगळी रक्कम दाखवलेली असते. पुस्तकाची ओळख पटवणारा हा तेरा आकडी क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था फुकट देते. तरीही रक्कम भरावी, कारण फुकटात मिळालेल्या क्रमांकाला मान नसतो. वाचकांचीही काळजी नको. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते, तेव्हा हजारांपैकी चार प्रती मार्गी लागल्याच.

प्रकाशन समारंभ रविवारी सायंकाळी साडेसहाला ठेवावा. मंचावर पाच खुर्च्या असाव्यात व त्यांवरील मंडळींच्या वयाची बेरीज ३५० च्या पुढे जावी. सभागृहात मुले असावीत की नाही, यावर मतभेद आहेत. फोटोपुरती दोन असावीत, असे माझे मत. त्यांना पुस्तक हातात धरून उभे करावे, उघडू देऊ नये. बालसाहित्य उपेक्षित आहे, अशी खंत प्रत्येक वक्ता व्यक्त करील, आणि तोपर्यंत ती दोन मुले मागच्या बाजूला बटाटेवड्यांच्या ट्रेपाशी पोहोचलेली असतील. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार देते. त्यात ५० हजार रुपये आणि ताम्रपट असतो. त्याच्या स्वीकाराचे भाषण याच सुमारास लिहून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही. तोवर प्रवेशशुल्क भरून मिळणारे पुरस्कार आहेतच.

उरलेल्या प्रती दिवाणात ठेवाव्यात. बारसे, मुंज, वाढदिवस, गृहप्रवेश, कोणतेही निमित्त वर्ज्य मानू नये.

शेवटची सूचना बांधणीची. गठ्ठे घरी आले की प्रत्येक प्रत स्वतः तपासावी. आमच्या गठ्ठ्यात एका प्रतीचा आतला फॉर्म उलटा बांधला गेला होता. खार डोक्यावर, झाड आभाळात, आणि आजोबांचे पाय वर. नेमकी तीच प्रत नातीच्या हाती लागली. ती पुस्तक फिरवायची, मग स्वतःच जमिनीवर हात टेकून उलटी व्हायची, तशीच मोठ्याने वाचायची आणि हसून हसून आडवी पडायची. शेजारची तीन मुले बोलावून तिने ती पाने त्यांनाही वाचून दाखवली. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत आमच्या दिवाणखान्यात चौघेही पाय वर करून होती. अशी सदोष प्रत आढळल्यास ती मुलांकडून तत्काळ काढून घ्यावी आणि बायंडरकडून बदलून घ्यावी. तो कुरकुर करतो, पण बिल चुकते केलेले नसेल तर देतो.